वाऱ्याला पाट

आमचे सासरे रेल्वेतून रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी घरात ते रुळावरच्या मजुरांची गँगच चालवायचे. कसारा घाटात रूळ सांभाळण्यात त्यांची उमर गेली. कुठे काही सुटं पडलेलं दिसलं की त्यांचं डोकं सणकायचं. अंगणात आडवी पडलेली बादली असो, दाराशी टाकलेला खराटा असो, की माझ्या चपला. "सुटं ठेवू नका गो. सुटी वस्तू माणूस मारते," म्हणायचे. रुळाकडेला राहिलेला एक लोखंडी तुकडा गाडीखाली येऊन उडाला आणि त्यांच्या जोडीदाराचा पाय गेला, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. मला ते माहीत होतं. तरी तेच तेच रोज ऐकलं की माझा पारा चढायचा. "बाबा, चपला आहेत त्या. त्यांच्यावरून काय मालगाडी जायची नाय," असं एकदा मी तोंडावर म्हटलं. सासूबाई चुलीपुढे बसल्या होत्या. पदर तोंडाला लावून त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

सासूबाईंचं माहेर मुरबाडच्या वरच्या अंगाला, डोंगराला लागून असलेल्या पाड्यावर. लग्न होऊन आमच्या गावात आल्या त्याला जन्म लोटला, तरी रागावल्या की माहेरची बोली तोंडात यायची, आणि त्या बोलीतलं आम्हाला अर्धं कळायचं नाही. माहेरून त्यांनी आणलेल्या वस्तूंपैकी एकच शिल्लक होती. सागाचा एक बसका पाट. त्यांच्या वडिलांनी म्हशाच्या जत्रेतून लग्नासाठी घेतलेला. चार कोपऱ्यांना पितळेची फुलं होती, त्यातली दोन कधीच निघून गेली होती. त्या पाटावर आम्ही कुणी बसायचं नाही. तो पाहुण्यांचा. आणि वाऱ्याचा.

वाऱ्याचा म्हणजे काय ते सांगते. जोराचा वारा सुटला, आभाळ काळं झालं, झाडं घुमायला लागली की सासूबाई हातातलं काम टाकून उठायच्या. पाट अंगणात तुळशीपुढे मांडायच्या, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवायच्या आणि मग घरात येऊन स्वस्थ बसायच्या. लग्नानंतर पहिल्या वर्षी मी विचारलं, हे काय? तर म्हणाल्या, "वारा आपल्या दारी आला ना? मग पाहुण्याला उभा ठेवशील का गो? बसाय दिलं की तो बसतो. बसलेला पाहुणा घर नाय मोडत."

मी बारावी झालेली. मला हसू आलं. "आणि चहा?" मी विचारलं. "चहा पण देते मग त्याला." त्या रागावल्या नाहीत. "तू दे गो, तुला जमंल तं," एवढंच म्हणाल्या. पुढे पुढे मीही त्यात काही बोलेनाशी झाले. वारा पडला की पाट आत यायचा. सासरेही त्या एका वस्तूपुरते डोळे मिटून घ्यायचे. साध्या वाऱ्यात सागाचा जड पाट जागचा हलत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं.

काही वर्षांपूर्वी मिरगाच्या तोंडावर ते वादळ आलं. समुद्र आमच्यापासून किती लांब. वादळ म्हणजे अलिबागला, पालघरला, असंच आम्ही समजायचो. पण त्या वेळी पंचायतीची रिक्षा भोंगा लावून गावातून फिरली. उद्या दुपारी वारा येणार, घराबाहेर पडू नका, पत्रे बांधा, झाडाखाली थांबू नका, अंगणात सुटी वस्तू ठेवू नका. शेवटचं वाक्य ऐकलं आणि सासरे खुर्चीतून ताडकन उठले. आयुष्यभर जे ते सांगत आले होते तेच आता भोंग्यावरून सगळ्या गावाला सांगितलं जात होतं.

त्याच संध्याकाळी ह्यांना घाटात ड्यूटी लागली. हेही रेल्वेतच, वडिलांच्याच जागी म्हणा ना. पावसाळ्यात बोगद्यांच्या तोंडाशी दरडीवर नजर ठेवायची, रुळावर दगडमाती आली की पुढे पळत जाऊन गाडी थांबवायची, हे ह्यांचं काम. वादळाच्या दिवशी सगळं जग घरात बसणार आणि हे उघड्या डोंगराखाली उभे राहणार. मी डबा भरत राहिले. बोलले असते तर भांडलेच असते. सासूबाई मात्र ह्यांच्या मागे मागे दारापर्यंत गेल्या. "डोंगराच्या आंगाला उभा नको राहू रे. झाडाखाली नको," असं सांगत राहिल्या. हे बूट घालत म्हणाले, "आई, तू पाट मांड म्हणजे झालं. बाकी मी बघतो." थट्टेतच म्हणाले. पण सासूबाईंनी ते थट्टेत घेतलं नाही. "मांडते तं," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून सासऱ्यांनी घर बांधायला घेतलं. बांधायला म्हणजे अक्षरशः दोरीतारेने. आमच्या घराचा मधला भाग कौलारू, पुढची पडवी आणि मागचा गोठा पत्र्याचे. गावात सगळेच पत्र्यांवर दगड ठेवतात, जुने टायर ठेवतात. सासऱ्यांनी आधी ते दगड खाली उतरवले. मी म्हटलं, बाबा, लोक दगड चढवताहेत आणि तुम्ही उतरवताय? तर म्हणाले, "वारा पत्रा उचलंल तेव्हा दगड कुठं जाईल? तुझ्या डोक्यात." मग रेतीच्या गोण्या भरल्या, तोंडं शिवली, पत्र्यावर चढवून तारेने वाशांना आवळल्या. पत्र्याचा एकेक बोल्ट हाताने हलवून पाहिला. जो हलला तो कसला. आंब्याची जी फांदी छपरावर झुकली होती ती करवतीने उतरवली. ह्या वयात ते शिडीवर, आणि मी खालून शिडी धरून जीव मुठीत घेऊन उभी.

मी घरातलं पाहिलं. दोन दिवसांच्या भाकऱ्या थापल्या. हंडे, कळश्या, पिंप भरून घेतलं, कारण लाइट गेली की मोटर बंद. मोबाइल चार्ज केले. आडवा आलेला पाऊस घरात शिरणारच, म्हणून भाताचं बियाणं दोन पिशव्यांत घालून पिंपावर उंच ठेवलं. काड्यापेटी डब्यात. सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या माझ्या कमरेच्या पिशवीत. आंब्याच्या बाजूच्या खोलीत झोपायचं नाही, सगळ्यांनी माजघरात बसायचं असं ठरलं. गाईचं दावं सोडून गोठ्याच्या खुंटीला टांगलं. "बांधलेलं जनावर पळू शकत नाय. वेळ आली तर तिचं तिला जाऊ दे," सासरे म्हणाले.

सासूबाई हे सगळं बघत होत्या. "सगळं बांधलंत. आता मला पण खांबाला बांधा म्हंजे झालं," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "बांधीन. तू पण सुटीच असतेस," सासरे म्हणाले. त्या हसल्या. ते हसणं माझ्या कानात आहे अजून.

दहाच्या सुमाराला ह्यांचा फोन आला. बोगद्याच्या तोंडाशी आहे, पाऊस आहे, वारा वाढतोय, मुकादमाने सगळ्यांना एका कोपऱ्यात घेतलंय, आळीपाळीने रूळ बघायला जायचंय. आवाज तुटत होता. सासूबाईंनी फोन हातातून घेतला आणि त्या जोरात ओरडल्या, "पाट मांडलाय रे! ऐकलास का? मांडलाय!" पलीकडे काही ऐकू गेलं की नाही देव जाणे. फोन कटला, आणि मग लागलाच नाही.

त्या खरंच पाट मांडून आल्या होत्या. तुळशीपुढे, तांब्यासकट. मी माझ्या डोळ्यांनी पाहिला.

वारा आला तो गाडीसारखा आवाज करत आला. घाटातल्या लोकांना तो आवाज ओळखीचा, म्हणून मला आधी वाटलं गाडीच आली. आंबा असा वाकायचा की पानांची उलटी बाजू दिसायची. कौलांवर काय काय पडत होतं. लाइट गेली. सासऱ्यांनी पुढचं दार लावून अडसर घातला, मागचं लावलं, खिडक्या लावल्या आणि शेवटचे आत आले. माजघरात अंधार झाला. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. आम्ही दोघं घाबरलो होतो, त्या मात्र शांत होत्या. "बसंल तो आता. पाणी प्याला का बसंल," म्हणाल्या. त्यांचा लेक घाटात आणि त्या इतक्या निवांत, ह्याचा मला त्या क्षणी राग आला आणि हेवाही वाटला. मला काहीच धरायला नव्हतं. मी मोबाइल पाहत होते, त्यात रेंजची एक काडीसुद्धा नव्हती.

बऱ्याच वेळाने सासऱ्यांनी कंदील मागितला. काड्यापेटीचा डबा तांदळाच्या पिंपामागे ठेवलेला. सासूबाई म्हणाल्या, मी काढते. त्या उठल्या, पिंपामागे हात घातला आणि तशाच थांबल्या.

"ह्यो इथं कसा?"

अंधारात मला काही दिसलं नाही. त्यांनी ओढून बाहेर काढला तेव्हा पितळेचं फूल जरा चमकलं. पाट होता.

"आत कोणी आणला?"

सासरे म्हणाले, "मी. दारं लावाय गेलो तेव्हा. भोंग्यावर सांगितलंय ना? सुटं काय बी नको. ह्यो साधा वारा नाय गो. उडून दारावर बसला तं दार फोडील."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या जागी मी असते तर मीही आणला असता. सासूबाई ओरडतील, माहेरच्या बोलीत तोंड सोडतील असं मला वाटलं. त्या मात्र पाट मांडीवर घेऊन बसल्या, त्यावरून हात फिरवत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "माझा पोर घाटात हाय वो." तेवढंच. सासऱ्यांनी मान खाली घातली. मी सासूबाईंजवळ सरकले. "आई, काय व्हायचं नाय त्यांना. अनुभवी माणसं आहेत सोबत," असं काहीतरी बोलले. माझ्याच शब्दांवर माझा विश्वास नव्हता, तर त्यांचा कसा बसेल?

तेवढ्यात आंब्याच्या बाजूच्या खोलीत कौलं फुटली आणि पाणी धो धो आत यायला लागलं. सासरे आणि मी तिकडे धावलो. प्लास्टिकचा कागद घेऊन, तो खिळ्यांना अडकवायचा, खाली घमेली लावायची, वाऱ्याने कागद पुन्हा सुटायचा. आम्ही दोघं त्यातच गुंतलो होतो. मागचं दार वाजलं असेल, पण त्या आवाजात ते कळायला वाव नव्हता. माजघरात आलो तर भिंतीजवळची जागा रिकामी. पाट नाही. मागच्या दाराची कडी निघालेली.

"आई!" मी ओरडले. सासऱ्यांनी पुढच्या दाराचा अडसर ओढून फेकला.

त्या तुळशीपाशी पडल्या होत्या, कुशीवर. अंगणाच्या कडेला कुणाचा तरी एक मोठा पत्रा वाकून पडला होता. कुणाचा, ते आजपर्यंत कळलं नाही. आम्ही विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. आमच्या घराचा एकही पत्रा हलला नव्हता. सासऱ्यांनी आवळलेली एकेक गोणी जागच्या जागी होती.

आम्ही त्यांना उचलून आत आणलं. डोक्याला मागून लागलं होतं. मी पदर दाबून धरला, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. शेजारचे भाऊजी धावत आले, गाडी काढतो म्हणाले, पण रस्त्यावर झाडं आडवी होती, विजेचे खांब होते. गाडी निघाली असती तरी उपयोग नव्हता, असं नंतर डॉक्टर म्हणाले. सासूबाईंनी एकदाच डोळे उघडले. मला ओळखलं. "बसला का गो?" विचारलं.

"बसला आई," मी म्हटलं. "बसला. ऐका, आवाज कमी झाला."

आणि खरंच वारा कमी होत होता. मी त्यांना खूश करायला बोलले नाही, तो होतच होता. त्यांनी ते ऐकलं असावं. त्यानंतर त्या बोलल्या नाहीत. संध्याकाळ व्हायच्या आत गेल्या. मी आयुष्यात इतक्या जोरात कधी रडले नव्हते, माझ्या आईच्या वेळीही नाही. त्या बाईशी मी रोज भांडले. मीठ जास्त, मीठ कमी, झाडू उभा का, आडवा का. आता भांडायला कुणी नाही, हे तेव्हाच कळलं.

वारा थांबल्यावर सासरे बाहेर गेले. खूप वेळ आले नाहीत म्हणून मी पाहायला गेले. ते तुळशीपुढे उकिडवे बसले होते. समोर पाट होता, सरळ मांडलेला, शेजारी तांब्या चिखलात रुतवून उभा केलेला. आणि पाट बांधलेला होता. गोठ्याच्या खुंटीला टांगलेलं गाईचं दावं सासूबाईंनी काढून आणलं होतं. पाटाखालच्या दोन पट्ट्यांमधून घालून, तुळशीच्या बांधकामाला दोन वेढे देऊन त्याला गाठ मारली होती. निसरगाठ नाही. जनावराला मारतात तसली पक्की गाठ, ती ओल्या दोरीला मारायला वेळ लागतो. नुसता पाट टाकून त्या परत फिरल्या असत्या, तर त्यांच्या पायांना घरात यायला किती वेळ लागला असता? सासरे त्या गाठीला हात लावत होते आणि काढून घेत होते. मी म्हटलं, बाबा, आत आणू का पाट? "राहू दे," ते म्हणाले. "कोणी हात लावू नका."

ह्यांच्यापर्यंत निरोप पोचवायला काही मार्ग नव्हता. फोन बंद, रस्ता बंद. लेक आल्याशिवाय आईला न्यायचं नाही, असं सासऱ्यांनी सांगितलं. सकाळी गावातली माणसं रस्त्यावरची झाडं तोडायला आणि कुठे कोरडी लाकडं मिळतात का बघायला गेली. घरात बायका होत्या, रडून रडून गप्प झालेल्या. सासूबाई माजघरात होत्या, त्याच भिंतीजवळ. सासरे दाराशी उंबऱ्यावर.

हे आले ते मागून, शेताच्या बांधावरून, त्यामुळे वाटेत कुणी भेटलं नाही. घाटातून ट्रकने, मग पायी, मग कुणाच्या तरी मोटारसायकलवर, पुन्हा पायी. मी खिडकीतून पाहिलं. अंगभर चिखल, रेनकोट फाटलेला, पण दोन्ही पाय, दोन्ही हात, सगळं धड. त्यांच्याकडे धावायला हवं होतं आणि मी खिडकीचा गज धरून तशीच उभी.

त्यांनी अंगणात येऊन आधी छपराकडे पाहिलं. गोण्या, पत्रे, सगळं जागेवर. चेहऱ्यावर हसू आलं. मग तुळशीपुढचा पाट दिसला. जन्मभर ज्या पाटावर त्यांना कधी बसू दिलं नव्हतं, त्यावर ते धपकन बसले आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागले. वर न बघताच त्यांनी हाक मारली.

"आई, पाणी दे गो!"

घरात कुणी हललं नाही. सासरे उंबऱ्यावरून उठले. त्या माणसाने आयुष्यात कधी कुणाला हाताने पाणी दिलं नव्हतं, स्वतःही कधी ओतून घेतलं नव्हतं. ते आत आले, हंड्यातून तांब्या भरला, बाहेर जाऊन लेकापुढे धरला. हे गटागट प्यायले. मग खाली पाहून म्हणाले, "ह्यो दाव्यानं बांधला कोणी?"

"तुझ्या आईनं," सासरे म्हणाले. "सुटा नाय ठेवला तिनं."